डाव्या दाराचा ओघळ

मी, रसेल ॲल्विन डायकेमा, वय वर्षे शहात्तर, धंदा मोटारदुरुस्ती (आता बंद), राहणार बीचर मिल्स, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. एकाच माणसाचं असायचं, ती माझी बायको लोर्ना, तीन वर्षांपूर्वी गेली. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो, कारण त्यात सगळं तिलाच होतं.

कलम १. घर, मागचं आवार आणि बँकेत जे काही निघेल ते माझी एकुलती एक मुलगी जोलीन हिला. ती ॲरिझोनात असते, जिथे गाड्या गंजत नाहीत, आणि याचं मोल तिला अजून कळलेलं नाही. दर ख्रिसमसला फोनवर म्हणते, "बाबा, ते भंगार विकून टाका आणि इकडे या बघू." जोलीन, भंगार वेगळं आणि कोणी न बघितल्यामुळे राहून गेलेली गाडी वेगळी. चार वर्षांची होतीस तेव्हा तुला हा फरक कळायचा. घर खुशाल वीक. फक्त ओव्हन कोणाला देऊ नकोस. तुझी आई चर्चला गेली की मी त्यात इंजिनाची रंगवलेली झाकणं, रंग पक्का व्हावा म्हणून, भाजायचो. केकला रंगाचा वास येतो म्हणून तिने तीन दुकानांचं पीठ बदललं आणि मी गप्प बसून केक खाल्ला. कबूल न करण्याची मला जुनी खोड आहे, ते पुढे येईलच.

कलम २. सगळे पाने, जॅक, इंजिन उचलायची क्रेन आणि वेल्डिंगचं यंत्र गावातल्या हायस्कूलच्या वर्कशॉपला. अर्ध्या इंचाचा सॉकेट पाना संचात नाही. तो सत्याऐंशी सालापासून कुठल्यातरी गाडीच्या पोटात आहे. ज्याला सापडेल त्याने ठेवून घ्यावा.

कलम ३. वॉल्टर स्टिंग याला एक चाकाची टोपी. १९९५ साली एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात मला एकाहत्तर सालची बॅराकुडा गाडी दिसली होती, मूळ जांभळी, एकाच मालकाची. रविवारी चर्चच्या जेवणात, बटाट्याचं सॅलड दुसऱ्यांदा वाढून घेताना, मी ते बोलून गेलो. वॉल्टर शेजारीच होता. सोमवारी सकाळी गोठा रिकामा. आणि एवढं करून त्या माणसाने जांभळी गाडी लाल रंगवली. तिच्या तीन टोप्या त्याच्याकडे आहेत. चौथी गोठ्याबाहेर चिखलात पडली होती, ती माझ्याकडे आहे. एकोणतीस वर्षं तो तिच्यासाठी जंग जंग पछाडतोय. आता द्या त्याला. रोज त्या चाकाकडे बघताना मी आठवेन.

कलम ४. गॅरेजमधली हिरवी गाडी, १९७० सालची, चारशे पंचावन्न घनइंची इंजिनाची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझे बाबा तिथेच कामाला होते, जेवताना कंपनीला भरपूर शिव्या घालायचे, पण दुसऱ्या कोणी घातलेली त्यांना खपत नसे. या गाडीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. जोलीनचा वकील कंटाळला तर कंटाळू दे.

आधी व्हर्जिल ब्रॅनम. व्हर्ज माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, मूळचा केंटकीचा, आणि या जिल्ह्यात त्याच्यासारखा रंग मारणारा दुसरा झाला नाही. मी इंजिन बघायचो, तो पत्रा आणि रंग. मक्याची कापणी झाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा. मका उभा असताना रस्त्यावरून काही दिसत नाही. तो पडला की प्रत्येक शेताची मागची बाजू उघडी पडते, कोठारं, छपरं, ताडपत्रीखालचे उंचवटे. शनिवारी सकाळी लोर्ना कॉफीकेक बांधून द्यायची आणि आम्ही कच्च्या रस्त्यांनी निघायचो. ताकाला तूर लागू न देता पाऊस, मका, गुडघे यांवर तासभर बोलायचं, आणि निघता निघता विचारायचं, "त्या ताडपत्रीखाली काय आहे हो?" बहुतेक वेळा ट्रॅक्टर असायचा. तरी ते शनिवार मला परत मिळाले तर मी हे सगळं मृत्युपत्र त्यांच्या बदल्यात देईन.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रँडरबाईंच्या आवारात आम्हाला ही गाडी दिसली. बाई शाळेत गणित शिकवायच्या, तेव्हा ऐंशी पार. गाडी त्यांनी स्वतः नवी घेतली होती, अकरा वर्षं तिने शाळेत गेल्या, आणि ब्रेक गेल्यावर तिच्यात कोंबड्या ठेवल्या.

"एवढं मोठं इंजिन तुम्हाला कशाला हवं होतं हो, बाई?" व्हर्जने विचारलं.

"वेगात जायला," बाई म्हणाल्या. "दुसरं कशाला असतं?"

पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी गणित सोडवून ठेवलं होतं. "अकरा कोंबड्या आहेत. आधी त्यांना घर, मग तुम्हाला गाडी." आम्ही दोघांनी दोन आठवडे खपून खुराडं बांधलं. बाईंनी पट्टी घेऊन दार मोजलं, वाकडं निघालं, ते परत करायला लावलं, आणि मगच किल्ली दिली.

चौकटीवरची पट्टी वाचून आम्हाला कळलं की गाडी आमच्याच कारखान्यात बनलेली. आमच्या म्हणजे बाबांच्या. माझे वडील ॲल्विन डायकेमा यांनी तिथे तीस वर्षं रंग मारला. त्यांचं काम एकच, डाव्या बाजूच्या दारांच्या चौकटी. ते डावखुरे होते, जेवायला बसले की त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. गाडी पट्ट्यावरून पुढे सरकत राहायची, आणि खालच्या बिजागरीपाशी रंगाची गन वळवताना त्यांच्या हातून रंग जरासा जास्त बसायचा. तिथे एक ओघळ उतरायचा, करंगळीच्या नखाएवढा. मुकादम ओरडायचा. संध्याकाळी बाबा सांगायचे, "आज सात ओघळ सुटले." पुढे लोक त्यांना ओघळ्या म्हणायला लागले. शाळेत पोरं मला ओघळ्याचा पोरगा म्हणायची. बाबा हसायचे. मला हसू येत नसे. व्हर्ज आमच्याकडे जेवायला असला की ते त्याला ही कहाणी पुन्हा पुन्हा सांगायचे, आणि मी उठून बाहेर जायचो.

गाडीला सात वर्षं लागली. व्हर्जने कोंबड्यांची घाण धुतली, जुना रंग उतरवला, गंजलेला पत्रा कापून नवा बसवला. मी इंजिनात डोकं घालून होतो, दाराच्या चौकटीकडे बघायला मला सवड नव्हती. २००६ च्या मे महिन्यात शेवटचा हात मारून झाला. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि मला शंभरपैकी शंभर गुण हवे होते. मी ड्रायव्हरच्या, म्हणजे आमच्याकडे डाव्या, बाजूचं दार उघडलं, तर खालच्या बिजागरीपाशी ओघळ.

"हे काय आहे, व्हर्ज? चाळीस वर्षं रंग मारतोयस आणि दारात ओघळ सोडतोस?"

"नीट बघ की जरा, रसेल."

"बघतोय ना. शेंबड्या पोराचं नाक दिसतंय."

व्हर्जने कॉफीचा कप खाली ठेवला. मी ओला पॉलिश पेपर घेतला आणि त्याच्यासमोर तो ओघळ घासून काढला. वर म्हणालो, "तुझी नजर गेली असेल तर तसं सांग. उगाच लोकांच्या गाड्या खराब करू नकोस."

"पूस बाबा," व्हर्ज म्हणाला. "तुझी गाडी आहे." त्याने आपली गन पुसली, डब्यात ठेवली आणि गेला. मला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. एका परीक्षकाने लिहिलं होतं की दाराची चौकट कारखान्यातल्यापेक्षा जास्त चांगली आहे, म्हणून दोन गुण वजा.

त्यानंतर अठरा वर्षं आम्ही एकाच हॉटेलात, डोरीनकडे, सकाळची अंडी खाल्ली. तो खिडकीशी, मी गल्ल्याशी.

लोर्ना गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यात एक न धुतलेला फिल्मरोल सापडला. धुवून आणला. चर्चच्या सहलीचे नऊ फोटो, आणि मग ऑस्ट्रँडरबाईंचं आवार. आम्ही खुराडं बांधत होतो तेव्हा लोर्ना कॉफीकेक घेऊन आली होती, आणि डावं दार उघडं असताना तिने एक फोटो काढला होता, आत बसलेल्या कोंबडीचा. कोंबडीच्या खाली, खालच्या बिजागरीपाशी, बाबांचा ओघळ होता. करंगळीच्या नखाएवढा, जरा बाहेरच्या बाजूला झुकलेला. मी जो घासून काढला तो हुबेहूब तसाच होता.

म्हणजे व्हर्जने जुना रंग उतरवण्याआधी तो ओळखला, मोजून ठेवला, आणि सात वर्षांनी मला न सांगता परत तिथे ठेवला. बाबांच्या हातून जे चुकून व्हायचं ते त्याने माझ्यासाठी मुद्दाम केलं. आणि मी त्याला नजर गेली म्हणालो. मला याची लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत मी तीनदा त्याच्या टेबलापाशी गेलो. दोनदा मीठ मागितलं, एकदा केचप.

मी स्वतः तसा ओघळ सोडायचाही प्रयत्न केला. शेडमध्ये भंगारातली नऊ दारं उभी आहेत, नऊच्या नऊ वाया गेलेली. कुठे रंग थेट खाली धावतो, कुठे गोळा होऊन बसतो. बाहेरच्या बाजूला तर एकही झुकत नाही. ती दारं कोणाला देण्यासारखी नाहीत, फेकून द्यावीत.

सबब हिरवी गाडी, तिच्या किल्ल्या, कागदपत्रं आणि वरील फोटो यांसह, मी माझ्या मृत्यूनंतर व्हर्जिल ब्रॅनम याला देतो. अट एकच. ओघळ परत त्याच्या जागी यावा, आणि कोणीही तो पुसू नये.

कलम ५. (चार दिवसांनी लिहिलेलं.) कलम ४ मधलं शेवटचं दान मी रद्द करतो. कारण असं झालं. जोलीनच्या वकिलाने फोनवर विचारलं, "मिस्टर डायकेमा, हे गृहस्थ एक्याऐंशी वर्षांचे आहेत. ते आधी गेले तर गाडी कोणाला?" मी फोन ठेवला. सकाळी मी हे कागद घेऊन डोरीनकडे गेलो आणि खिडकीशी बसलेल्या व्हर्जच्या ताटाशेजारी ठेवले.

"मीठ तिकडे आहे," व्हर्ज म्हणाला.

"मीठ नको. हे वाच."

"काय आहे?"

"मृत्युपत्र."

"कोणाचं?"

"माझं."

"मरायची हौस तुला आणि वाचायची शिक्षा मला?" असं म्हणत त्याने चष्मा लावला. अंडी गार झाली. डोरीन दोनदा कॉफी घेऊन आली आणि न ओतता परत गेली. वाचून झाल्यावर त्याने कागद नीट जुळवून ताटाशेजारी ठेवले. 

"व्हर्ज, माझं चुकलं," मी म्हणालो.

"दिसलं मला. तीन पानं लिहिलंयस." त्याने चष्मा काढून पुसला. "आणि मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू? एक तर आजच मर, नाहीतर गाडी आत्ता दे."

मी खिशातून किल्ली काढून मिठाच्या बाटलीशेजारी ठेवली. तेव्हा गाडी आता माझी नाही आणि मृत्युपत्रात तिला जागा नाही. वकिलाचं म्हणणं असं की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. व्हर्जला आता माझ्या मरणाने काहीच मिळत नाही, म्हणून तो सही करू शकतो. त्याने कागद घरी नेले, वाटेत माझ्या शेडमध्ये डोकावला, आणि आज परत आणून दिले.

मला लोर्नाशेजारी पुरावं. शवपेटी कोणत्याही रंगाची चालेल, फक्त लाल नको.

वर लिहिलेलं सगळं मी समजून उमजून लिहिलं आहे आणि दोन्ही साक्षीदारांसमोर, डोरीनच्या हॉटेलात, सही केली आहे.

ठिकाण: बीचर मिल्स, मिशिगन
तारीख: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. मका कापून झाला आहे.

सही: रसेल ॲल्विन डायकेमा

साक्षीदार १: डोरीन पेल. (माझ्यासमोर सही झाली. दोघांच्या अंड्यांचे पैसे अजून यायचेत.)

साक्षीदार २: व्हर्जिल ब्रॅनम. (वाचलं. नऊ दारंही बघितली. ॲल्विन डावखुरा होता, गाढवा. मीसुद्धा तो ओघळ डाव्या हातानेच सोडला होता. सोमवारी ये, गाडीला तूच सोड. हात बदल.)