ताईला शाळेतून काढलं तेव्हा

आये, परवा गावच्या शाळेत गेले होते. मोठ्या गुरुजींचा सत्कार होता, आणि वाडीतून शिकून मास्तरीण झालेली म्हणून मलाही बोलावलं होतं. ताईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मी कशाला? मला हाकललीय तिथून."

आपल्या बौद्धवाडीतल्या शाळेची भिंत पडली आणि आम्हाला गावातल्या शाळेत घातलं, तेव्हा तू किती खूश होतीस. सगळी पोरं एका छपराखाली शिकतील म्हणालीस. पण वर्गात आमची जागा दाराशी, आणि मुतारी धुवायची पाळी रोज वाडीच्याच पोरींची. गावातल्या पोरी तेव्हा लंगडी खेळायच्या. एका सकाळी ताई बादली खाली ठेवते आणि म्हणते, "गुरुजी, आज त्यांची पाळी लावा की." एवढंच. मोठ्या गुरुजींनी छडी मोडेपर्यंत मारलं तिला. मग सगळ्या शाळेसमोर उन्हात उभं केलं. "बेशिस्त खपवून घेणार नाही," म्हणाले. त्याच आठवड्यात गावातल्या दोन पोरांनी एकमेकांची डोकी फोडली होती. त्यांना नुसतं रागावून घरी पाठवलं होतं.

तू एमआयडीसीत केमिकलची पिंपं धुऊन आलीस, ती तशीच ओल्या साडीनं शाळेत. गुरुजींनी तुला आत घेतलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच तू विचारलंस, "माझ्या पोरीनं वायट काय केलं, तेवढं सांगा." ते म्हणाले, "तिला माफी मागू दे, नाहीतर दाखला घेऊन जा." ताई रडत नव्हती. तू तिचे सुजलेले तळहात बघितलेस आणि म्हणालीस, "द्या दाखला." मीही दप्तर उचललं, तर तू माझा दंड धरलास. "तू बस गो. सांगतील ते कर नि शीक. दोघींचं नाय जमायचं मला." मी बसले. सातवीपर्यंत मुतारी धुतली. ताई तुझ्याबरोबर पिंपं धुवायला लागली, आणि आता चार पावलं चालली की तिला धाप लागते.

परवा मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी हे सगळं माइकवर सांगितलं, ताईचं नाव घेऊन. कुणी टाळी वाजवली नाही. खाली उतरून गुरुजींना विचारलं, "आठवते का ती?" "नाही बाई," ते म्हणाले, "शिस्तीपायी किती जणांना मारलं, कोण कोण लक्षात राहणार?" आणि हसले. भोवतालची माणसंही हसली. मी चहा न घेता निघाले.

आये, गुरुजींचा राग आता जुना झालाय. मला राग येतो तो तुझा. दोघींतून तू मला निवडलंस, आणि ताईच्या तोंडाकडे बघायचं माझ्यावर सोडून गेलीस. तू होतीस तेव्हा माझ्याच्यानं हे बोलवलं नाही. तुला पोचेल असं वाटलं असतं, तर आजही लिहिलं नसतं.