कोपऱ्यावरची शटरची खोली

१२ जानेवारी
आमच्या नव्या इमारतीच्या परवानगीची जाहीर पाटी लागली एकदाची! कोबर्गचा कोपरा, पाच मजले, खाली दुकान. गाड्यांना जागा शून्य. ट्राम दारात थांबते, मग गाडी हवीय कशाला? आता मेलबर्नची जनता आक्षेप लिहायला बसेल. राग सावलीचा असो नाहीतर झाडाचा, लिहायचं मात्र पार्किंगबद्दलच. परवानगी देणारं काउन्सिल तेवढंच वाचतं.

२० जानेवारी
एकच आक्षेप आलाय. अर्थात पार्किंग! शेजारच्या विटांच्या घरातली इटालियन म्हातारी, फिलोमेना.
बिल्डर ग्रँट फोनवर — "तिला पटव काहीतरी करून. प्रकरण लवादाकडे गेलं तर वर्ष गेलं समज."
मी आर्किटेक्ट की गारुडी?

२२ जानेवारी
गेले. बाईंनी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ते खोकं तूच काढलंस होय?"
गॅरेज दाखवलं. आत गाडी नाहीच! मोठी शेगडी, पिंपाएवढं पातेलं, रस काढायचं यंत्र, भिंतभर रिकाम्या बाटल्या. दर उन्हाळ्यात अर्धी गल्ली इथे जमते आणि वर्षभराचा टोमॅटोचा रस भरून ठेवते.
"तुझ्या इमारतीत इतकी बिऱ्हाडं, आणि गॅरेज एकालाही नाही. टोमॅटो कुठे करायचे त्यांनी? न्हाणीघरात?"
"मग पार्किंग का लिहिलंत?"
"टोमॅटो लिहिलं असतं तर तू आली असतीस?"
नसते आले. त्यांनी दिलेली कॉफी प्यायले.

२३ जानेवारी
नकाशातलं दुकान उडवलं. त्या जागी खोली, फुटपाथकडे पूर्ण उघडणारी. शटर, गॅस, नळ, उताराची फरशी. कोणीही यावं, काहीही शिजवावं. ग्रँट बघून लगेच हो म्हणाला! माणूस सुधारतोय बहुतेक.

४ फेब्रुवारी
फिलोमेनाबाईंना नकाशा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या.
"शटर उघडं दिसलं आणि रस्त्यावरचा कोणी आत शिरला तर?"
"शिरू दे की. त्यासाठीच आहे."
आक्षेप मागे घेतला त्यांनी. "तुझ्या शब्दावर घेतेय हं, पोरी."

१६ फेब्रुवारी
बाईंच्या गॅरेजात टोमॅटो! मलाही जुंपलं. ट्रामची वाट बघणारे दोघे वास घेत आत आले, आणि बाईंनी त्यांच्याही हातात सुरी दिली. मी भाषणांतून 'शहराशी बोलणारी इमारत' वगैरे फेकत असते, लोक माना डोलावतात. आज कोपरापर्यंत लाल होऊन बसले होते आणि फार फार बरं वाटत होतं. शर्ट मात्र गेला.

२५ फेब्रुवारी
ग्रँट हरामखोर आहे.
खोली रद्द. तिथे संगमरवरी लॉबी, आणि भिंतीवरून पाणी वाहणार! "आक्षेप गेला ना? मग ती मोरी ठेवायची कशाला?"
"मी शब्द दिलाय त्यांना."
"तू दिलायस. मी नाही."
बदललेला नकाशा पुन्हा लोकांपुढे ठेवावा लागतो, आक्षेपांसाठी पंधरा दिवस. त्याची त्याला फिकीर नाही. "म्हातारी आता कशाला लिहितेय? तिचा तुझ्यावर विश्वास आहे."

२७ फेब्रुवारी
लॉबीचा नकाशा काढला. हो, मीच काढला! घराचा हप्ता कोण भरणार?

१ मार्च
फिलोमेनाबाईंना सांगून आले. वाटलं होतं आरडाओरडा करतील. केला असता तर बरं झालं असतं.
"लिहा ना पुन्हा," मी म्हटलं.
"एकदा लिहिलं, एकदा मागे घेतलं. आता ते मला वेडी म्हणतील. नाही लिहीत मी."
निघताना हातात रसाची बाटली दिली. वर — "बारीक झालीयेस, जेवत जा."
ट्रामच्या थांब्यावर बसून रडले. चाळिशीची बाई, मांडीवर टोमॅटोची बाटली! स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

३ मार्च
सकाळी ग्रँटकडे राजीनामा. दुपारी काउन्सिलमध्ये जाऊन आक्षेप नोंदवला.
खिडकीतली मुलगी म्हणाली, "आधी नकाशे बघायचेत का?"
म्हटलं, "नको. मीच काढलेत."