करड्याचा तिसरा भाग

३ जून, पहाटे ५.१०
(खरं तर आता ६.४० झालेत. पण उठायचं ठरवलं होतं ५.१० ला, म्हणून तेच लिहितो.)
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. लेखकाला शिस्त हवी.
तिसरा भाग ३१ ऑगस्टला द्यायचा, संपादिकाबाईंना तसा शब्द दिलाय. रोज हजार शब्द. नव्वद दिवसांचे नव्वद हजार. पुस्तक साठ हजारांचं. म्हणजे महिनाभर आधीच मोकळा. त्या महिन्यात चौथ्या भागाचा आराखडा.
पुढेमागे कुणी माझ्यावर प्रबंध केला तर गोंधळ नको म्हणून थोडक्यात लिहून ठेवतो. नायक: करडा. वय एकोणीस. कोट करडा, डोळे करडे, मनही करडंच, म्हणजे धड चांगलं नाही की धड वाईट नाही. मरणाऱ्या माणसाचं बोलायचं राहून गेलेलं वाक्य तो काढून घेतो. ते घरच्यांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. पण सगळी पोचवत नाही. काही स्वतःकडेच ठेवतो, कारण त्याला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्यांच्या वाक्यांवर त्याचं बोलणं चालतं. दोन भागांत शाळा-कॉलेजातली पोरं वेडी झाली. आता प्रश्न एकच: साठवलेल्या त्या वाक्यांचं तो शेवटी काय करतो?
शेवट माझ्या डोक्यात तयार आहे. फक्त उतरवायचा आहे.
आजचे शब्द: शून्य. पहिला दिवस मोजत नाहीत.

५ जून
शब्द: अकरा. त्यातले चार खोडले.
दोष खोलीचा आहे. ही दादाची खोली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. खोली रिकामी, शांत, उजेड डावीकडून. लिहायला याहून चांगली जागा नाही, असं मीच बायकोला पटवलं होतं. पण खुर्ची रोज सकाळी खिडकीकडे वळलेली सापडते. मी ती टेबलाकडे तोंड करून ठेवतो. दादा खिडकीकडे तोंड करून बसायचा. बायको म्हणते, केर काढताना तीच वळवते. मग सुट्टीच्या दिवशी केर काढत नाहीत तेव्हा कोण वळवतं, असं विचारलं. म्हणाली, सुट्टीच्या दिवशीही काढतात, तू झोपलेला असतोस.

९ जून
एकदा स्पष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल.
दादा शेवटच्या आजारपणात माझ्या लेकीला रोज संध्याकाळी गोष्ट सांगायचा. ती तेव्हा नऊ वर्षांची. त्या गोष्टीत एक करड्या कोटाचा माणूस होता, हे खरं आहे. पण कोट करडे असतातच. दुकानात जाऊन बघावं. शिवाय दादाचं सगळं तोंडी. तोंडी म्हणजे हवा. ती शब्दांत बांधायला लेखक लागतो. आणि मुख्य म्हणजे मी ती गोष्ट कधी ऐकलेलीच नाही, मी कामात असायचो. (मधला वाक्यचोरांच्या पुलाचा भाग जरा लांबत असे, एवढं आठवतं.)
दुसऱ्या भागाची अर्पणपत्रिका मी 'माझ्या कल्पनाशक्तीस' अशी लिहिली होती. तेव्हापासून लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. पंधरा वर्षं हे वयच तसं असतं.

१५ जून
संपादिकाबाईंना मे महिन्यातच पहिली तीन प्रकरणं पाठवली होती. त्यांचा फोन. म्हणाल्या, करडा आता करडा राहिलेला नाही, धुऊन वाळत घातल्यासारखा पांढरा झालाय. त्याच्या हातून एकही वाईट गोष्ट होत नाही. आणि भाषेचंही बघा म्हणाल्या. पान वीसवर 'तलवार वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी' असं वाक्य आहे.
नोकरीचा परिणाम. सतरा वर्षं मिक्सर, गीझर आणि वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहितोय. पण मला ते वाक्य अजूनही चांगलं वाटतं.
आधीच्या दोन भागांत करडा बरोबर जमला होता, असंही म्हणाल्या. ते कसं जमलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी प्रेरणा म्हणालो.

२० जून
निश्चय: वाईटपणाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा. आज एक लहानसं दुष्कृत्य.
दवाखान्यात दाताच्या डॉक्टरांकडे रांग होती. एका आजोबांच्या पुढे घुसायचं ठरवलं. घुसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बरं झालं, जरा माझी पिशवी धरा, मी बाहेर फेरी मारून येतो. पाऊण तास पिशवी धरून बसलो. ते आल्यावर त्यांना रांगेतला माझा नंबर दिला.
शब्द: शून्य. अनुभव मात्र जमा.

२८ जून, सकाळी ७
अंगावर शाल घेऊन लिहितोय. थंडी असावी.
मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघतो. वाक्य कानाला कसं लागतं ते कळतं. आज वाचत होतो आणि दाराखालच्या फटीत दोन सावल्या दिसल्या. दोन पावलांच्या. बाहेरच्या बोळात कुणीतरी दाराला लागून उभं होतं. मी वाचायचं थांबलो. सावल्या तशाच. परत वाचायला लागलो तर जराशा पुढे सरकल्या. उठून दार उघडायला हवं होतं. उठलो नाही.
नंतर बघितलं, बोळात कुणी नाही. फक्त एका जागी फरशीचं पॉलिश उडालंय. रोज कुणी उभं राहिल्यावर उडावं तसं. ते मला आधीपासून माहीत आहे.
हा करडा आहे. माझंच पात्र माझ्या दाराशी येऊन उभं राहतंय. लेखणीत ताकद असली की असं होत असणार. आनंद व्हायला हवा.
झाला नाही. भीती वाटली.

४ जुलै
ऑफिसात घोळ. नव्या मिक्सरच्या पुस्तकात, पान सहा, सुरक्षा सूचना, तिसरी ओळ: 'झाकण उघडण्यापूर्वी आतल्याला विचारून घ्यावे.'
मी लिहिलं. अक्षर माझं, फाईल माझी. आठवत अजिबात नाही. छपाईला जाण्याआधी मशीनवाल्याच्या लक्षात आलं. साहेबांनी बोलावून विचारलं, आत कोण असतं. मी म्हणालो, चटणी. साहेब म्हणाले, दोन दिवस रजा घ्या.
रजा मिळाली. म्हणजे दोन हजार शब्द.

६ जुलै
रजा संपली. शब्द: सत्तर. खोलीत औषधी बामाचा वास येतो. बाम घरात नाही. बायकोला विचारलं, तिला येत नाही म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली की, तिसऱ्या भागावर दादांचं नाव घाल, सगळे वास जातील.
मी तिला कायदेशीर गुंतागुंत समजावून सांगितली. ती भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, नाव घालायला कायदा कशाला लागतो, पेन लागतं.

१२ जुलै
शेवट माझ्या डोक्यात तयार आहेच. पण दादानं त्याच्या त्या तोंडी गोष्टीचा काहीतरी शेवट केलाच असणार, आणि तो लेकीला माहीत असणार. निव्वळ तुलनेसाठी तो मिळाला तर बरं. सरळ विचारणं शक्य नाही. विचारलं तर मला शेवट माहीत नाही असा तिचा गैरसमज व्हायचा.
योजना: निनावी वाचक-प्रश्नावली. टाइप करून तिच्या दाराखालून सरकवली. प्रश्न पहिला, आवडतं पात्र. दुसरा, आवडतं प्रकरण. तिसरा, मुखपृष्ठाबद्दल मत. चौथा: आपल्या दिवंगत काकांनी कथेचा शेवट सांगितला असल्यास तो तीस शब्दांत लिहा.
यात ती मला ओळखणं अशक्य आहे.

१३ जुलै
प्रश्नावली परत आली. माझ्या टेबलावर ठेवलेली. उत्तरं कोरी. 'दिवंगत'मधला दि मी दीर्घ काढला होता, त्याभोवती लाल गोल.
चौथ्या प्रश्नापुढे मात्र पेन टेकवून ठेवल्याचा ठिपका आहे. बराच वेळ टेकवला असावा, शाई मागच्या बाजूला उतरलीये.

२ ऑगस्ट
सावल्या आता रोज. मी वाचायला लागलो की येतात. वाचायला काही नसलं तर जुनी प्रकरणं वाचतो. तेव्हाही सावल्या थांबून राहतात. काल दोन तास पहिला भाग वाचला. पुलाच्या प्रकरणाशी आलो आणि पुस्तक खाली ठेवलं, कारण तो आवाज माझा नव्हता. तीच ओढ, तोच मध्येच लागणारा दम. दादाच्या वाक्यांना दादाचाच श्वास लागतो, माझ्या श्वासात ती बसत नाहीत.
खोडून टाकावं का वरचं? राहू दे. कोण वाचतंय.

१९ ऑगस्ट
शेवट तीनदा लिहिला.
एक: करडा सगळी वाक्यं जाळतो. वाचून बघितलं, गीझर पेटवण्याच्या सूचना वाटल्या. दोन: सगळी वाक्यं ज्याची त्याला परत करतो. फार गोड, तोंड चिकट झालं. तीन: ते सगळं स्वप्न होतं. हे संपादिकाबाईंना पाठवलं. त्यांनी उत्तर पाठवलं नाही, फोनही केला नाही. हे चांगलं लक्षण असू शकतं.
नसावं.
मला शेवट माहीत नाही. कधीच माहीत नव्हता. आज लिहून टाकलं.

३० ऑगस्ट, संध्याकाळी ७
जसं झालं तसं लिहितो.
साडेपाचला दुसरा शेवट पुन्हा वाचायला घेतला. सावल्या आल्या. आज मी वाचता वाचताच उठलो, वाक्य न थांबवता, आणि दार उघडलं.
लेक होती. भिंतीला टेकून. पायांत मोजे, आवाज होऊ नये म्हणून.
मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं की, शेवट झाला का. मी म्हणालो, तो तर तुलाच माहीत आहे. ती नाही म्हणाली. आणि मग रडायला लागली. ती लहान असतानाही अशी रडलेली मी पाहिली नव्हती. की तेव्हा मी पाहायला नव्हतो, कोण जाणे.
तिनं सांगितलं ते असं. शेवटच्या दिवशी शाळेत धावायची शर्यत होती. ती दमून आली आणि काकाच्या शेजारी आडवी झाली. काका म्हणाला, आज शेवट सांगतो, नीट ऐक. तिनं दोन-तीन वाक्यं ऐकली आणि तिला झोप लागली. जाग आली तेव्हा आई दिवा लावत होती आणि काका बोलत नव्हता. पुन्हा बोललाच नाही. सहा वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नाही. काका शेवट सांगत होता आणि आपण झोपलो, हे सांगायचं तरी कुणाला.
पुस्तकं आली तेव्हा तिला माझा राग आला होताच, काकाचं नाव नाही म्हणून. पण रागापेक्षा सुटका जास्त वाटली. म्हणजे आता शेवटही येईल. दुसरा भाग आला, तिसरा येईल, आणि आपण झोपेत घालवलं ते वाचायला मिळेल. म्हणून ती महिनोन्‌महिने दाराशी उभी राहून ऐकत होती.
मी विचारलं, शेवट माझ्याकडे असेल असं तिला का वाटलं.
तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच विसरलो. म्हणाली, काका रोज सांगायचा, दार लावू नकोस, नुसतं लोट. बाबा बोळात उभा असतो. आत ये म्हटलं तर यायचा नाही, त्याला लाज वाटते, उभा राहू दे. म्हणून काका मोठ्यानं सांगायचा. छाती भरून यायची, मध्ये थांबायचा, पण आवाज खाली आणायचा नाही. ती एकदा म्हणाली होती की, मी जवळच आहे, हळू सांग. तर म्हणाला, गोष्ट दोघांची आहे. शेवटच्या दिवशी तर इतक्या मोठ्यानं बोलत होता की, झोपेतही त्याचा आवाज येत होता, शब्द तेवढे कळत नव्हते.
मग तिनं विचारलं, बाबा, तू ऐकलास ना?
मी हो म्हणालो. उद्या सांगतो म्हणालो.
तिनं डोळे पुसले आणि हसली. दोन वर्षांनी हसली माझ्याकडे बघून.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५.२०
संपादिकाबाईंना फोन करून सांगितलं की, तिसरा भाग होणार नाही. पहिल्या दोन भागांवर नाव कुणाचं हवं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं. कधीपासून, हे मी विचारलं नाही.
लेक सहाला येते. तिला सांगायला माझ्याकडे एवढंच आहे.
दादाच्या त्या शेवटच्या संध्याकाळी मी बोळात नव्हतो. आदल्या दिवशीचा भाग फार चांगला झाला होता आणि मी विसरेन अशी मला भीती वाटत होती. म्हणून मी आतल्या खोलीत बसून तो टाइप करत होतो. दादाचा आवाज तिथपर्यंत येत होता, नेहमीपेक्षा मोठा. माझं लक्ष लागेना, म्हणून उठून मी दार लावून घेतलं.