चार दिवस कुणीच बोलायचं नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते, म्हणजे तुमचं अर्धं पत्र रागावण्यात जायला नको. गुडघा शेकताय ना? की नुसतंच मला लिहिताय? मी बरी आहे. घसा तेवढा बसलाय.

तुम्ही मोठ्या बाईंकडे शब्द टाकलात आणि मला शाळेत मदतनिसाचं काम मिळालं, त्याला आता वर्ष होईल. नाकं पुसायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कुणाला उलटी झाली तर फडकं घेऊन धावायचं. ते काम मला जमत होतं. आवडतही होतं. पण दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाई मला म्हणाल्या, "बदलीच्या बाई येईपर्यंत चार दिवस वर्ग सांभाळा." त्या चार दिवसांचे आता सहा आठवडे झालेत. बदलीच्या बाईंचा पत्ता नाही. विचारलं की मोठ्या बाई म्हणतात, "कागद वर गेलाय." वर म्हणजे कुठे, ते त्यांनाच ठाऊक.

एकेचाळीस मुलं आहेत, ताई. एक खडू खातो. एकीला तासात आठदा लघवीला जायचं असतं. दोघं बाकाखाली राहतात असंच म्हणायला हवं, वर फक्त हजेरीपुरते येतात. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की बोट तोंडावर जातं आणि बोटाच्या मागून बोलणं चालूच राहतं. शहाण्या मुलांच्या नावापुढे फळ्यावर चांदणी काढायला लागले, तर मी पाठ फिरवताच सगळ्यांनी आपापल्या चांदण्या काढून घेतल्या. मग दंगेखोरांची यादी लिहिली. त्यावर एक पोरगी येऊन पदर ओढत म्हणते, "काकू, माझं पण लिहा ना."

बाईंच्या कपाटात मुलांना वळण लावण्याबद्दलचं एक जाड पुस्तक सापडलं. तुम्हाला माहीतच आहे, मला हाती लागेल ते वाचायची खोड. त्यात लिहिलंय, प्रत्येक वागण्यामागे कारण असतं, ते शोधावं. एकेचाळीस कारणं शोधायची तर मला दुसरा जन्म घ्यावा लागेल. तुमची आठवण येते. तुम्ही नुसती भुवई उचललीत तरी वर्ग चिडीचूप व्हायचा, असं हे नेहमी सांगायचे. माझ्या भुवया उचलून उचलून कपाळ दुखायला लागलं.

आणि सगळ्यांवर ताण म्हणजे भिंगरी. हे नाव मीच ठेवलं. इस्त्रीच्या दुकानातल्या बाईची मुलगी. जागेवर बसणं नाही. दुसऱ्याला प्रश्न विचारला की उत्तर हिचं. खिडकीतून माणूस गेला की तो कोण, कुठे चालला, हे सगळ्या वर्गाला ओरडून सांगणार. आवाज असा की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

गेल्या गुरुवारी तपासणीचे साहेब आले. मोठ्या बाईंनी मला भिंतीला लागून उभं केलं आणि स्वतः टेबलाजवळ उभ्या राहिल्या, जणू रोज त्याच शिकवतात. साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "मुलांनो, तुम्हाला कोण शिकवतं?" मी मनात म्हटलं, आता हिने गप्प बसावं. भिंगरी उभी राहिली. "कोणीच नाही शिकवत. बाई नाहीयेत. ह्या काकू आहेत ना, त्या फक्त गप्प बसा म्हणतात."

नंतर मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. काय म्हणाल्या ते लिहीत नाही. तुमचंही नाव त्यात आलं, ते जास्त लागलं.

दुपारी मी एक उपाय केला. काय ते पुढे कधीतरी सांगेन. पण ताई, आज तिसरा दिवस, आणि वर्ग गप्प आहे. मोठ्या बाई दारातून डोकावून "छान" म्हणून गेल्या.

यांच्या शेवटच्या सकाळबद्दल तुम्ही पुन्हा विचारलंत. जेवढं सांगितलं तेवढंच आहे हो. वेगळं काही नाही.

तुमची,
भावजय


बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. ताई,

तुमचं पत्र परवा मिळालं. तीन ओळी, आणि तिन्हीत एकच प्रश्न. "कुठला उपाय?" निवृत्त झालात तरी तपासणी सुटली नाही तुमची.

विशेष काही नव्हतं. भिंगरीशी जरा अबोला धरला होता. मारलं नाही, कान धरला नाही, वर्गाबाहेर उभं केलं नाही. बोललेच नाही, एवढंच. घराघरांत धरतात तसा. मागच्या आठवड्यात मंगळवारी सोडूनही दिला.

तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत म्हणून विचारते. सात वर्षांची मुलगी किती दिवस रुसू शकते? माझ्या अनुभवात लहान मुलाचा राग जेवायच्या सुट्टीपर्यंत टिकतो. हिचा आठ दिवस टिकलाय. हाक मारली की बघते. वही काढ म्हटलं की काढते. हजेरीला नुसता हात वर करते. खिडकीतून कोण गेलं ते बघतही नाही. जी मुलगी गप्प बसावी म्हणून मी घशाची शीर ताणली, ती आता हाताची घडी घालून बसते. तिच्याकडे बघवत नाही. रागही येतो. इतकं काय झालं होतं? एक शब्द तर बोल, असं वाटतं. काल मी जवळ जाऊन म्हटलं, "पुरे झालं आता हे नाटक." तिने बाकाकडे बघितलं.

तिची आई आली होती. तिच्या हाताला इस्त्रीचे चट्टे आहेत. म्हणाली, "घरीपण बोलत नाही हो. मला वाटलं घसा धरला असेल. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, आता आणखी कुठल्या तपासण्या सांगितल्यात. शाळेत काही झालं का?"

लहान मुलं आहेत, होतं कधी असं, असं काहीतरी मी म्हटलं. ती मान डोलावून गेली. जाताना "तुमचं लक्ष आहे म्हणून बरं" असंही म्हणाली.

मोठ्या बाई कुठला तरी कागद तयार करतायत. पाहू.

त्याआधीच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की भावाचे शेवटचे शब्द आठवले की तुम्हाला झोप लागते. बरं वाटलं, असं लिहायला हवं. लिहिते.

गुडघ्याची हेळसांड करू नका.

तुमची,
भावजय


सोमवार, २४ नोव्हेंबर

ताई,

आज क्षेमकुशल विचारत नाही. धीर आहे तोवर लिहून टाकते.

मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. तपासणीच्या दुपारी मी फळ्यासमोर उभी राहिले आणि अख्ख्या वर्गाला सांगितलं, "भिंगरीने आपल्या वर्गाची नाचक्की केली. ती माफी मागेपर्यंत तिच्याशी कुणीच बोलायचं नाही. मी पण नाही." ती उभी राहून विचारत होती, "पण काकू, मी काय केलं?" मी उत्तर दिलं नाही. अबोला सुरू झाला होता ना.

सहा आठवड्यांत त्या पोरांनी माझं काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. हे एकच ऐकलं. आणि किती मन लावून, ताई! ती खोडरबर मागायची, तर शेजारची तोंड फिरवायची. पाण्याच्या नळापाशी ती आली की रांग सरकायची. खडू खाणारा पोरगा तर पहारा करायचा, कोण बोलतंय का बघायला. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना हाका मारत फिरली. दुसऱ्या दिवशी तिने माफी मागितली. हो, मागितली. "सॉरी काकू" म्हणाली. मी म्हटलं, "कशाबद्दल?" तिला सांगता येईना. तिला कुठून येणार? ती खरंच बोलली होती. पण वर्ग इतका शांत होता, की मला ती शांतता सोडवेना. मी म्हटलं, आठवेल तेव्हा ये. आणखी दोन दिवस चालू ठेवलं. मग चौथ्या दिवशी सोडलं, तेव्हा मुलं एका क्षणात तिच्याशी बोलायला लागली. तिने मात्र बोलणं सोडलं होतं.

आणि तिच्या आईने तोंडावर विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं. स्पष्ट "नाही". मागच्या पत्रात मी ते गुळमुळीत करून लिहिलं.

मोठ्या बाईंचा कागद असा होता, की या मुलीला बोलण्याची अडचण आहे, तिला बोलता न येणाऱ्या मुलांच्या शाळेत पाठवावं, आणि वर्गात काहीही घडलेलं नाही. खाली माझी सही हवी होती. म्हणाल्या, "तुमच्या हिताचंच आहे. चौकशी झाली तर पहिला प्रश्न विचारतील, मदतनीस वर्गावर कशी?" म्हणजे हित कुणाचं होतं ते कळलंच. मी कागद दोनदा वाचला. म्हटलं, चष्मा विसरले, उद्या करते. चष्मा डोळ्यांवरच होता.

तिथून सरळ इस्त्रीच्या दुकानात गेले. भिंगरी मागे स्टुलावर बसून रुमालांच्या घड्या घालत होती. मी तिच्या आईला सगळं सांगितलं, दारातच, उभ्या उभ्या. तिने हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. एक पूर्ण सदरा केला, कॉलर, बाह्या, सगळं. मग म्हणाली,

"तीन डॉक्टर झाले. पोरीच्या घशात नळी घालून बघितलं त्यांनी."

"चुकले मी."

"तुम्हाला विचारलं होतं मी. हात जोडून विचारलं होतं."

"हो."

"आता कशाला आलात? झोप येत नाही म्हणून?"

थोडं तसंही होतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग. ज्यांच्यासमोर तिचं तोंड बंद केलंत, त्यांच्यासमोर सांगा." आणि दुसरा सदरा ओढला.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला स्वतः आणून बाकावर बसवलं आणि दारात उभी राहिली. मी वर्गाला सांगितलं, "त्या दिवशी भिंगरी साहेबांशी खरं बोलली होती. चूक तिची नव्हती, माझी होती. तिच्याशी बोलू नका हे सांगणंही चूक होतं. आणि तिच्या आईशी मी खोटं बोलले."

एकेचाळीस तोंडं माझ्याकडे बघत राहिली. मग खडू खाणारा उभा राहिला. अगदी गंभीर.

"मग आता काकूंशी कोणी बोलायचं नाही का?"

लगेच मागून एक आवाज आला, "किती दिवस?"

"चार! तिला पण चार होते!"

थट्टा नव्हती ती, ताई. मी शिकवलेला एकमेव धडा ते म्हणून दाखवत होते. हिशेब बरोबर होता. मी म्हणणार होते, चालेल. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "नको."

बारीक, खरखरीत आवाज. पंधरा-वीस दिवस न वापरलेला. एवढं एकच. पुन्हा बोलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि आईने विचारलं तरी मान खाली. उद्या बोलेल की महिन्याने, की पहिल्यासारखी कधीच नाही, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

मोठ्या बाईंनी मला दुपारी घरी पाठवलं. कागदावर मी सही केली नाही, म्हणून तो पुढे गेला नाही, एवढं झालं. तुम्ही शब्द टाकला होता, तो माझ्यामुळे खाली पडला. बदलीच्या बाई मात्र तिसऱ्याच दिवशी हजर झाल्या म्हणे. दोन महिने वर गेलेला कागद तीन दिवसांत कसा खाली आला, देव जाणे. ऐकून इतका संताप आला की हातातली कपबशी आपटली.

आता तुमचं.

त्या नळाजवळच्या रांगेत तिला बघताना मला सगळं ठाऊक होतं, ताई. अबोल्याने माणसाचं काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तरी केलं.

हे गेले त्याच्या तीन दिवस आधी शेजारची मंडळी आली होती. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होते, कौतुकाने. चाळिशीत स्वतःचं स्वतः शिकलेलं वाचन माझं, अडखळले. हे हसले. वाईट नाही हो, आपले हसले. सगळ्यांसमोर. मी पेपर घडी करून ठेवला आणि बोलणं बंद केलं. ताट वाढायचे, कपडे काढून ठेवायचे, पण शब्द नाही. पहिल्या दिवशी यांनी गंमत केली. दुसऱ्या दिवशी विनवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर बसून म्हणाले, "छातीत जड वाटतंय गं." मला वाटलं, आता हे नवीन सोंग. मी भांडी लावत राहिले. मग म्हणाले, "बोल ना." मी बोलले नाही. वळूनसुद्धा बघितलं नाही. वळले तेव्हा उशीर झाला होता.

"ताईला सांग, काळजी करू नकोस म्हणावं" असं ते म्हणाले नव्हते. तुम्ही दारात आलात, माझे हात धरून विचारलंत, शेवटी काय बोलला माझा भाऊ, आणि मला ते सुचलं. तुम्ही ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलंत. दोन वर्षं तुम्ही त्या शब्दांवर झोपताय, आणि तुमच्या प्रत्येक पत्रात ते वाचून मी चांगलं वाटल्याचं लिहितेय. ते काढून घेतेय तुमच्याकडून. बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. त्यांचं खरं शेवटचं बोलणं "बोल ना" हेच होतं, आणि ते माझ्यासाठी होतं.

तुम्ही चिडाल. चिडा. शिव्या घाला, चार पानं भरून घाला, नातेवाइकांत सांगा, इथे येऊन दारात उभ्या राहून ओरडा. मी दार उघडेन. फक्त गप्प राहू नका, ताई. ते मला सोसणार नाही, असं म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणते.

तुमची,
बोलायला उशीर केलेली भावजय