चेहरा शेवटी

२ मार्च, रविवार
आजपासून मी चित्रकार. विमा कंपनीतली नोकरी चालू राहील, पण फावल्या वेळात. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.
पहिलं चित्र बायकोचं. महिनाअखेरीस आमच्या चित्रकलेच्या क्लासचं प्रदर्शन आहे. सरांनी माझ्यासाठी एक भिंत राखून ठेवलीय. बायको केस विंचरून, निळा ड्रेस घालून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली. म्हणाली, इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच मला नीट बघणार. खूश होती.
पद्धत ठरली. आधी पडदा, मग खुर्ची, चेहरा शेवटी. ऑफिसातही मी आधी जोडलेले कागद बघतो, अर्जदार नंतर.

५ मार्च, बुधवार
चित्रासाठी हाफ डे मागितला. कारण दाढदुखी. साहेबांनी लगेच स्वतःच्या डेंटिस्टची वेळ घेऊन दिली आणि सोबत आले. दाढ गेली. कलेसाठी त्याग करावा लागतो.
अर्धा चेहरा बधिर. तसा एरवीही फार फरक जाणवत नाही.

९ मार्च, रविवार
पडदाच चालू आहे. बायको म्हणाली, मान अवघडली. मॉडेलने बोलायचं नसतं, असं समजावलं.
मुलगी भूमिती घेऊन आली. रविवारी बाबा नसतात, असं सांगितलं. ती म्हणाली, इतर वारी कुठे असतात.

१२ मार्च, बुधवार
रोज पहाटे पाचला उठून स्केचिंग करायचा निश्चय. गजराने मी सोडून सगळे उठले. निश्चय रद्द, घरच्यांच्या झोपेचा विचार करून.

१६ मार्च, रविवार
बायकोने न विचारता केस कापले. कधी, म्हटलं. म्हणाली, मंगळवारी. असो, मी अजून केसांपर्यंत पोचलोच नव्हतो.
मग म्हणाली, डोळे मीट आणि सांग, माझ्या कुठल्या गालावर तीळ आहे. मी स्मरणातून काम करत नाही, म्हणालो. त्यावर बराच वेळ गप्प होती. पोझ छान टिकली.

२३ मार्च, रविवार
आजवरचा सर्वोत्तम दिवस. हूं नाही की चूं नाही. वेताची वीण, खुर्चीच्या हातांवरचं झिजलेलं पॉलिश, सगळं साधलं.
जेवताना बायकोचं कौतुक करायला गेलो, तर मुलगी म्हणाली, आई सकाळीच बॅग घेऊन मावशीकडे गेली. तुम्हाला समोर उभी राहून सांगून गेली. तुम्ही म्हणालात, हं, जरा डावीकडे सरक.
वाईट वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाट पाहिली, वाटलं नाही. भात गार झाला होता, तो खाल्ला.

२७ मार्च, गुरुवार
बायकोला फोन केला. या रविवारी चेहरा नक्की घेतो, म्हटलं. म्हणाली, राहू दे आता.
मुलगीही आज मावशीकडे गेली. घरात शांतता. अशाच शांततेची मागणी मी कधीपासून करत होतो. ब्रश हातात घेऊन बसून राहिलो.

३० मार्च, रविवार
प्रदर्शन. माझ्या भिंतीवर रिकामी खुर्ची लावली. सर म्हणाले, तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम.
संध्याकाळी दोघी आल्या. बायको चित्रासमोर खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, खुर्चीकडे किती मन लावून बघितलंयस रे.
मी थँक्यू म्हणालो.