बारीक छर्रा आणि गप्प घंटी

रवि., २ नोव्हेंबर
चौकट सागवानी, मोडक्या खिडकीतून काढली. छर्रा घरंगळत यायला उतरती पन्हळ, पितळी पत्रा वाकवून. गोळा लेथवर, घंटीही लेथवर. दोरा तेवढा विकतचा. गोळा आणि घंटी यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट. बाकी सगळं याच हातांनी, भिंगारच्या याच शेडमध्ये. नववी नापास माणसाचं काम आहे, पण लावा कुठेही गुण्या, काटकोन चुकायचा नाही.

काम पुतणीचं. मधुरा पुण्यात डार्क मॅटर, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, शिकते. जामखेडच्या शाळेत तिचं व्याख्यान, तिथे टेबलावर ठेवायला. छर्रा म्हणजे तो न दिसणारा कण, टांगलेला गोळा म्हणजे अणू, घंटी म्हणजे यंत्र. गोळा ढकलला जाऊन घंटीला टेकला तरच यंत्राला कळलं. नाहीतर धडक होऊनही न झाल्यासारखी.

बुध., ५
मोठा छर्रा, पन्हळीच्या मध्यावरून. टण्.
बारीक, सायकलचा छर्रा, मध्यावरूनच. हाही टण्! मधुराच्या हिशोबाने हा गप्प राहायला हवा. लगेच फोन. म्हटलं, तुमच्या गणितात चूक आहे.
"काका, छर्रा न सोडता वाजते का, ते बघितलं?"
असलं बघायला मी काय शिकाऊ आहे? ठेवला फोन. भरीत झकास झालं होतं, दोन भाकरी जास्त गेल्या.

शनि., ८
दिवसभर लाईट नाही. बारीक छर्रा मध्यावरून. गप्प. पुन्हा. गप्प. फट मोजली, तेवढीच. डोकं चालेना.
सुनंदा चहा घेऊन दारात. "अवो, शेजारची गिरणी बंद हाय ना आज."
मी फट पुन्हा मोजायला घेतली.
"गिरणी चालू असली की माझ्या मांडणीवरची भांडी बी वाजत्यात. मी न्हाई लावत पुन्याला फोन."
हसत हसत गेली. बायको आहे, काय करणार.
संध्याकाळी लाईट आली, गिरणी सुरू झाली. छर्रा हातातच धरून बसलो. टण्.

मधुराला कळवलं. वाटलं होतं हसेल. म्हणाली, "खरी यंत्रं खोल खाणीत का नेतात मग? आणि तिथेही बाहेरचं काय वाजलं नि आतलं काय, हे ओळखण्यातच जन्म जातो." बरं वाटलं. म्हणजे माझी चूक निदान मोठ्यांच्या रांगेतली.

मंगळ., ११
स्कूटरच्या दोन ट्यूब अर्ध्या फुगवल्या, त्यावर शहाबादी फरशी, त्यावर चौकट. शेजारी गिरणी धडधडतेय आणि घंटी गप्प! स्वतःच्या पाठीवर हात पोचला असता तर शाबासकी दिली असती.

आता खरं काम. बारीक छर्रा मध्यावरून, गप्प. तोच छर्रा पन्हळीच्या वरच्या टोकावरून, टण्. वजन तेच, वेग वाढला.
मधुराला विचारलं, हलके कण नेहमीच्या वेगाने आले तर धक्का फटीपलीकडे पोचत नाही. पण एखाद्याला वाटेत कॉस्मिक किरणाची लाथ बसली आणि तो सुसाट आला, तर?
"तर हलकाही ऐकू येईल, काका. म्हणून गप्प यंत्र बघून 'असला कण नाही' असं म्हणताना वेग काय धरला होता, ते आधी सांगावं लागतं."
असे सुसाट किती? थोडेच असणार, म्हणे. नक्की कुणालाच

(गिऱ्हाईक आलं. राहिलं.)

रवि., १६
सावेडीचे एक क्लासवाले सर आले. मेव्हण्याने सांगितलं असणार. चौकटीवरून हात फिरवून म्हणाले, "मिस्त्री, तोड नाही." मग छर्रे सोडून बघितले.
"पण हे निम्म्या वेळा वाजतच नाही की."
"वाजू नये म्हणूनच केलंय."
"अहो, पालक समोर बसलेले असतात. आत बॅटरी टाका, टेबलाखाली बटण. कुठलाही छर्रा येऊ दे, टण्! आजवर कुणालाच काही सापडलं नाही, हे पोरांना कशाला सांगता?"
म्हटलं, तेच तर सांगायचंय. बिनबटणाचं हवं तर करून देतो.
"विचार करा," म्हणाले. चहा पूर्ण प्यायले.

सोम., १७
परवा व्याख्यान. चौकट जुन्या गोधडीत बांधली, ट्यूबची हवा तपासली. छर्रे दोन डब्यांत वेगवेगळे.
दुपारी सरांचा फोन. झालेलं बोलणं सुनंदाला सगळं सांगितलं, रकमेसकट. आदळआपट नाही. भाकरी थापत म्हणाली, "आन् जामखेडची पोरं गप्प घंटीला कटाळली तर?"
मी गोधडीची गाठ पुन्हा आवळली. काम मात्र मनासारखं झालंय.
सरांना नाही म्हणालो. त्यांच्या सहा शाखा, सहा सेट, प्रत्येकात बटण. दोन लाख दहा हजार.