निम्म्या डिस्कचा खुलासा

चिरंजीव पुतण्यास,

काकाचे निम्मे आशीर्वाद. (उरलेले तुझ्याकडून खुलासा आल्यावर.) तुझी सर्दी ओसरली असेल. माझे गुडघे जागच्या जागी आहेत. तक्रार केवळ त्यांच्या आवाजाची आहे.

‘काकांनी डिस्क बिघडवली’ ही जी हकिगत तू साऱ्या नातेवाइकांना पाठवलीस, तिच्यात शुद्धलेखनाच्या चौदा चुका आहेत. त्या दाखवून प्रत सोबत जोडली आहे. पंधरावी चूक आशयाची आहे. मी काहीही बिघडवलेले नाही. तू आणलेली डिस्क पाचशे जीबीची असून संगणक तिला अडीचशेची मानतो, आणि मी फक्त उरलेल्या अडीचशेंचा ठावठिकाणा विचारतो आहे. (चाळीस वर्षे मुद्रिते तपासताना निम्मे पान दुरुस्त्यांसाठी कोरे सोडत आलो, तसे याही पत्रात सोडले आहे. उत्तर तिथे लिही.)

तुझी काकू दुपारी हस्तलिखिते स्वल्पविरामांसकट टेपवर वाचून ठेवी आणि संध्याकाळी छापखान्यातून आल्यावर मी त्या आवाजाशी मुद्रिते ताडून पाही, हे तू लहानपणी ऐकले आहेस. त्या फिती आता ठिसूळ झाल्या आहेत. दोनशे एकोणचाळीस टेपा डिस्कवर उतरल्या, अकरा उरल्या, आणि जागा संपली. वाचनालयाने उसने दिलेले टेपयंत्र येत्या सोमवारी परत करायचे आहे.

मी वायर बदलली. मग ती खुपसायचे संगणकाचे भोक बदलले. मग सूनबाईच्या कार्यालयीन संगणकाला डिस्क जोडली, तर त्यानेही अडीचशेचाच हेका धरला (यंत्रांची एकजूट माणसांत असती तर!). सूनबाईने सुचवले की काही टेपा गाळाव्यात. मी तिला विचारले, तुझ्या सासूबाईंतले नेमके काय गाळू? त्यानंतर घरात दोन दिवस शांतता होती.

अखेर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, “आजोबा, डिस्क ठणठणीत आहे. अर्धी कुणीतरी मुद्दाम कोरी सोडलीय. म्हणाल तर सगळं पुसून नव्यानं करून देतो.” पुसण्याचे नाव काढताच मी डिस्क बगलेत मारून बाहेर पडलो. मुद्दाम सोडणारा तू! ज्याला काम अर्धवट टाकायचे असेल त्याने ते हातीच घेऊ नये.

तुझा,
काका

ता. क. तरीही रविवारी ये. काहीही न पुसता ती जागा जोडता येते, असे तूच मागे म्हणाला होतास.

ता. क. २. तुझ्या हकिगतीतील तारखाही चुकल्या आहेत. रोजनिशीत पाहून दुरुस्त करतो :

डिस्क घरी आली : ९ मार्च नव्हे, ११ मार्च.

सूनबाईशी भांडण : २ जून नव्हे. २ जूनला केवळ मौन होते. भांडण १ जूनला झाले.

डिस्कची मांडणी : ‘मेमध्ये कधीतरी’ नव्हे, १२ मार्च. त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात अशी : ‘निम्मी जागा दुरुस्त्यांसाठी कोरी ठेवण्यास पुतण्यास सांगितले. “काका, नक्की ना?” असे त्याने दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यास गप्प केले.’

सहीच्या वरील सारा मजकूर खोडलेला समजावा : ६ जून.

उरलेले निम्मे आशीर्वाद : तेही ६ जून.